बॉयलरचा घोडा आणि पाण्याचा डबा



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलणारे येतात, इतिहासावर बोलणारे येतात, आरोग्यावर बोलणारे डॉक्टर येतात. यंदा चालकांनी एका युनियनच्या माणसाला बोलावले. त्याने संप, बोनस, महागाई यांपैकी काही विषय घ्यावा, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र कळवले की मी उष्णतेच्या मापांवर बोलेन. लहान उष्मांकांपासून बॉयलरच्या अश्वशक्तीपर्यंत हिशेब कसा करायचा, यावर. पत्रिकेत हा विषय वाचून पुष्कळांना हसू आले असेल. आले असेल तर ते तसेच राहू द्या. कारण पुढे आकडे येणार आहेत आणि आकडे हसतमुखाने ऐकलेले बरे.

मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण दहावीपर्यंत. वडील मुंबईच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात फायरमन होते. १९८२ सालच्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर आमचे बिऱ्हाड मुंबईहून उठले ते कायमचे. दहावी होताच मी एका रंगाई-छपाईच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तेथून युनियनच्या कामात ओढला गेलो. जे काही वाचले ते नगरवाचनालयात, रात्री, दुसऱ्याला न विचारता. असे वाचलेल्या माणसाच्या ज्ञानात मोठमोठी भोके असतात. त्यातल्या एका भोकात माझ्याबरोबर दीडशे माणसे पडली. आजचे व्याख्यान म्हणजे त्याचीच हकिगत आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. तेथला जुना कोळशाचा बॉयलर काढून मालकांनी परदेशातून आलेला, वापरलेला, तेलावर चालणारा बॉयलर आणून बसवला. त्याच्या अंगावर एक पितळी पाटी होती. पाटीवर क्षमता लिहिली होती : शंभर बॉयलर-अश्वशक्ती. मालकांचे म्हणणे असे पडले की, हा लहानसा शंभर घोड्यांचा बॉयलर आहे, कोळसाही नाही. तेव्हा प्रत्येक पाळीला एक अटेंडंट पुरे, त्याच्या हाताखालच्या हेल्परचे काम नाही. तीन पाळ्या, तीन हेल्पर. वाद एवढाच होता.

मी वाचनालयात जाऊन हिशेब मांडला. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. शंभर अश्वशक्ती म्हणजे ७४,६०० वॉट. एक किलोवॉट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी. गुणाकार केला, तासाला सुमारे ६४ हजार किलोकॅलरी आल्या. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करायला ५३९ किलोकॅलरी लागतात. भागाकार केला. उत्तर आले, तासाला ११९ किलो वाफ.

कारखान्याला तासाला बाराशे किलोच्या आसपास वाफ लागत असे. माझ्या कागदावर तिचा दहावा हिस्सा निघत होता. मी तीन वेळा हिशेब तपासला. तिन्ही वेळा ११९. मग माझ्या डोक्यात एकच विचार आला : या बॉयलरवर कारखाना चालणे शक्य नाही, म्हणजे मालकांना कारखाना चालवायचाच नाही. हा बंद करण्याचा डाव आहे. दुसऱ्या दिवशी गेटसभेत मी हा कागद फडकावला. आकड्यांचा मोठा वचक असतो. दीडशे माणसे माझ्या शब्दावर बाहेर बसली.

तिसऱ्या दिवशी चाचणीसाठी बॉयलर पेटवला गेला आणि त्याने निवांतपणे सगळा कारखाना चालवला. जिगर चालले, सुकवणीचे सिलिंडर तापले. माझे घोडे मात्र पेंडीत गेले.

त्या बॉयलरवर एक वयस्क अटेंडंट होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. मी खाली मान घालून बॉयलर-घरात गेलो तेव्हा ते म्हणाले, "अरे, तू फायरमनचा पोरगा ना? मग कागदावर घोडे कसले मोजतोस? पाणी मोज की."

त्यांनी पाण्याच्या टाकीत येणारा नळ बंद केला. टाकीच्या आतल्या बाजूला खडूने रेघ ओढली आणि घड्याळ पाहिले. टाकी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद. तासाभराने पाणी साठ सेंटिमीटर उतरले होते. दोन गुणिले एक गुणिले शून्य पूर्णांक सहा दशांश. म्हणजे बाराशे लिटर पाणी बॉयलरने तासात प्यायले. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी होती तेथेच होती, म्हणजे गेलेले पाणी वाफ होऊनच गेले. तात्या सातवीपर्यंत शिकलेले. त्यांचे उत्तर बरोबर होते, माझे दहापटीने चुकले होते.

चूक कोठे झाली? गुणाकारात नाही, भागाकारात नाही. चूक घोड्यात झाली. इंजिनचा घोडा वेगळा आणि बॉयलरचा घोडा वेगळा.

आता थोडे आकडे. सगळे लक्षात ठेवायचे नाहीत. शेवटी दोन सांगेन तेवढे ठेवा.

अगदी लहान मापापासून निघू. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी, आपल्या जुन्या पुस्तकांतला लहान उष्मांक. ही फारच बारीक चीज आहे. म्हणून तिची हजारपट घेऊन किलोकॅलरी करतात : एक किलो पाणी, एक अंश. बिस्किटाच्या पुड्यावर ज्यांना कॅलरी म्हणतात त्या या हजारपटीच्या, मोठ्या. नाव एकच आणि फरक हजारपटीचा. पहिला खड्डा येथेच आहे.

इंग्रजांनी पौंड आणि फॅरनहाइट घेतले. एक पौंड पाणी, एक अंश फॅरनहाइट, ते ब्रिटिश उष्णता-एकक, म्हणजे बीटीयू. एका पौंडात साडेचारशेहून थोडे अधिक, ४५३.६ ग्रॅम, फॅरनहाइटचा एक अंश म्हणजे सेल्सिअसचा पाचनवमांश. गुणून पाहा, २५२ येतात. एक बीटीयू म्हणजे २५२ लहान कॅलरी. हा आकडा पाठ करण्याची गरज नाही, पाण्यापासून तो घरी काढता येतो.

पण नुसती उष्णता सांगून काम भागत नाही; ती किती वेळात, हेही सांगावे लागते. दहा हजार कॅलरी एका मिनिटात आणि दहा हजार कॅलरी एका दिवसात, यांत चूल आणि निखारा एवढा फरक आहे. म्हणून सेकंदाला कॅलरी, मिनिटाला कॅलरी, तासाला किलोकॅलरी, तासाला बीटीयू अशी मापे आली.

आता बॉयलरचा घोडा. मुळातला घोडा जेम्स वॉटचा. अठराव्या शतकात त्याला आपली वाफेची इंजिने विकायची होती, आणि गिऱ्हाइकांकडे घोडे होते. गिऱ्हाईक विचारणार, हे यंत्र किती घोड्यांचे काम करील? वॉटने माप ठरवले : मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. म्हणजे तेहतीस हजार पौंडांचे ओझे एका मिनिटात एक फूट उचलण्याइतके काम. हा घोडा कामाचा. ७४६ वॉट म्हणतात तो हाच.

पुढे बॉयलर वेगळा आणि इंजिन वेगळे विकले जाऊ लागले. गिऱ्हाइकाची सवय मात्र घोडे मोजण्याची. मग बॉयलर विकणाराही म्हणू लागला, माझा बॉयलर पन्नास घोड्यांचा. पण बॉयलर काही उचलत नाही, ओढत नाही. तो वाफ देतो. त्या वाफेतून किती काम निघेल ते इंजिनवर अवलंबून. अशा स्थितीत ज्याच्या तोंडी जो आकडा येईल तो बॉयलरचा घोडा.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली ती १८७५ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्वातंत्र्याच्या शताब्दीचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे बॉयलरांची परीक्षा घ्यायची होती, आणि परीक्षकांपुढे हाच घोळ. त्यांनी विचार केला की, त्या काळचे चांगले इंजिन एका घोड्याच्या कामाला तासाला सुमारे तीस पौंड वाफ खाते. तेव्हा शंभर अंश फॅरनहाइटचे पाणी घेऊन सत्तर पौंड दाबाची तीस पौंड वाफ जो बॉयलर तासाला देईल, तो एका घोड्याचा. हेच माप सोपे करून पुढे असे सांगितले जाऊ लागले : २१२ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उकळत्या पाण्याची त्याच अंशावर तासाला साडेचौतीस पौंड वाफ. अमेरिकेतल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने ते स्वीकारले आणि ते रूढ झाले.

साडेचौतीस पौंड म्हणजे १५.६५ किलो. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा आपल्या सगळ्यांच्या घरी आलेला असतो. त्यात काठाच्या जरा खालपर्यंत पाणी भरले की झाले एका घोड्याचे पाणी. ते उकळते डबाभर पाणी जो बॉयलर तासात वाफ करून टाकील, तो एक बॉयलर-अश्वशक्तीचा.

आता हिशेब आपोआप होतो. एका किलोला ५३९ किलोकॅलरी, डब्यात १५.६५ किलो. गुणाकार ८,४३५. एक बॉयलर-अश्वशक्ती म्हणजे तासाला ८,४३५ किलोकॅलरी. लहान कॅलरीत म्हणायचे तर तासाला चौऱ्यांशी लाख पस्तीस हजार; मिनिटाला सुमारे एक लाख चाळीस हजार सहाशे; सेकंदाला २,३४३. कोणी सेकंदाला कॅलरी सांगितल्या तर २,३४३ ने भागा, बॉयलरचे घोडे मिळतील. तासाला किलोकॅलरी सांगितल्या तर ८,४३५ ने. बीटीयू सांगितले तर ३३,४७५ ने.

येथे दुसरा खड्डा पाहा. वॉटच्या घोड्याचा आकडा ३३,००० आणि बॉयलरच्या घोड्याचा ३३,४७५. अर्धवट वाचलेल्या माणसाला वाटते, हे एकच, कोठे तरी छपाईत फरक पडला असेल. पण एक फूट-पौंड मिनिटाला आणि दुसरे बीटीयू तासाला. दोघांचा काही संबंध नाही. बाजारात दोन माणसांचा चेहरा सारखा दिसावा तसा हा योगायोग.

वॉटमध्ये पाहिले तर बॉयलरचा घोडा ९,८१० वॉटचा, इंजिनचा ७४६ चा. एकात दुसरे तेरा मावतात. हे तेरा आले कोठून? त्या काळच्या इंजिनात वाफेबरोबर तेरा घोड्यांची उष्णता शिरे आणि चाकावर एकच घोडा येई. बाकी बारा घोड्यांची उष्णता बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर वाया जाई. पुढे इंजिने सुधारली, तीस पौंडांहून पुष्कळ कमी वाफेत एका घोड्याचे काम करू लागली. आणि माझ्या कारखान्यात तर इंजिनच नव्हते, वाफ नुसती कापड तापवीत होती. घोडा गेला, नाव राहिले. मी त्या नावाला फसलो.

हे फक्त बॉयलरचेच आहे असे समजू नका. आपल्या घरी वातानुकूलन यंत्र आणतात, ते दीड टनाचे. त्याचे वजन दीड टन नसते. चोवीस तासांत दोन हजार पौंड बर्फ वितळवायला लागते तेवढी उष्णता बाहेर काढणे, म्हणजे गारव्याचा एक टन. तासाला १२,००० बीटीयू, सुमारे ३,०२४ किलोकॅलरी. आणि आमच्या कारखान्यांत बॉयलर मोजतात टनांवर. तो टन म्हणजे तासाला हजार किलो वाफ : ५,३९,००० किलोकॅलरी, चौसष्ट डबे. दोन्ही टनच, पण एक दुसऱ्याच्या एकशे अठ्ठ्याहत्तरपट!

आणखी एक हिशेब सांगतो, म्हणजे मापाची ओळख अंगाला लागेल. साधारण माणूस दिवसाला दोन हजार मोठ्या कॅलरींचे अन्न खातो. त्यातले जवळजवळ सगळे शेवटी उष्णता होऊन अंगावाटे बाहेर पडते. तासाला झाल्या ८३. अशी शंभर माणसे एकत्र बसली की त्यांची उष्णता एका बॉयलरच्या घोड्याइतकी होते. आज येथे तीनशे मंडळी असतील. म्हणजे या मांडवात तीन घोड्यांचा बॉयलर केव्हाचा पेटलेला आहे. पंखे चालू असूनही उकडते, त्यात वैशाखाचा सगळाच दोष नाही.

आता पुन्हा कारखान्यात चला, कारण खरी गोष्ट अजून सांगायची आहे.

दोन दिवसांचा पगार दीडशे माणसांचा बुडाला. पण त्याहून मोठे नुकसान वेगळे होते. वाटाघाटीच्या टेबलावर मालकांचे इंजिनिअर मला शांतपणे म्हणाले, "ज्यांना घोडा म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांनी माणसे किती लागतात हे आम्हाला सांगू नये." माझ्याकडे उत्तर नव्हते. तिन्ही हेल्पर गेले. त्यांतला एक पुढे हातगाडी लावत असे. मला पाहून हसून चहा देई, पैसे घेत नसे. मला तो चहा कधी गोड लागला नाही.

उत्तर नव्हते असे म्हणालो, पण उत्तर होते. ते माझ्याच आकड्यांत होते. मला घोडे बरोबर मोजता आले असते तर मी म्हणालो असतो : शंभर घोडे म्हणजे तासाला शंभर डबे पाणी, १,५६५ किलो. चोवीस तासांत साडेसदतीस हजार लिटर. दहा हजारांचे टँकर धरले तर रोज जवळजवळ चार टँकर. हे पाणी मृदू करून घ्यावे लागते, नाहीतर नळ्यांत खवली धरते. ते यंत्र कोण धुणार, मीठ कोण घालणार? शंभर घोड्यांना तासाला साडेआठ लाखांच्या आसपास किलोकॅलरी पोचवायच्या, म्हणजे वाया जाणारी उष्णता धरून तासाला शंभर किलोवर तेल. ते तेल कोण उतरवणार, गाळणी कोण साफ करणार? अटेंडंटने तर पाण्याच्या काचेवरची नजर काढायची नसते. पातळी खाली गेली आणि जाळ चालूच राहिला तर काय होते, हे बॉयलरजवळ काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मग साहेब, दुसरा माणूस नको कसा?

आणखी एक. त्या वेळी लागू होता तो १९२३ चा बॉयलर कायदा. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्या जुन्या व्यवस्थेत बॉयलरचा आकार घोड्यांवर मोजलाच जात नव्हता. मोजत होते ते तापणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्र, चौरस मीटरमध्ये. म्हणजे मालकांचे "शंभर घोड्यांचा लहानसा बॉयलर" हे म्हणणे आणि माझे "शंभर घोड्यांची फसवणूक" हे म्हणणे, दोन्ही एकाच पोकळ शब्दावर उभे होते. त्यांनी घोडा म्हटले की लहान, मी घोडा म्हटले की खोटा. पाणी किती, तेल किती, हात किती, हे टेबलावर कोणीच मांडले नाही. मांडायचे काम माझे होते.

तेव्हापासून मी एक नियम केला. कोणताही आकडा समोर आला की तो माणसाच्या हातापर्यंत आणून सोडायचा. तासाला दहा लाख किलोकॅलरी म्हटले की भाग ८,४३५ ने. एकशे अठरा डबे आणि वर थोडे. मग विचार, हे डबे कोण भरतो. आणि उत्तर फारच अनपेक्षित आले तर समोरच्याला लबाड म्हणण्याआधी आपले माप तपास. माझे ११९ किलो पाहून मला मालकाच्या हेतूचा संशय आला. संशय यायला हवा होता माझ्या घोड्याचा.

तात्यांच्या रीतीतही एक बारकावा आहे, तो सांगितला पाहिजे, नाहीतर पुन्हा कोणी फसेल. त्यांच्या बाराशे लिटरांचे डबे केले तर सुमारे सत्त्याहत्तर होतात. पण डब्याचे माप उकळत्या पाण्याचे आहे. टाकीतले पाणी गार असेल तर आधी ते उकळीपर्यंत न्यायला उष्णता लागते, म्हणून तेवढ्याच पाण्याला बॉयलरचे घोडे अधिक खर्ची पडतात. त्या दिवशी नव्वदीच्या जवळ गेले असतील. तात्यांना हे ठाऊक होते. ते म्हणत, "टाकीला हात लावून बघ, मग बोल."

शेवटी दोन आकडे सांगेन म्हणालो होतो. एक, ५३९ : एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या किलोकॅलरी. दुसरा, १५.६५ : बॉयलरच्या घोड्याचा डबा. या दोहोंचा गुणाकार आला की बाकी सगळे रस्ते सापडतात. आणि तेही विसरलात तर टाकीवर खडूची रेघ ओढा, घड्याळ पाहा आणि तासभर थांबा. मी तो तासभर थांबलो असतो, तर तीन घरांतल्या चुली तशाच पेटत्या राहिल्या असत्या.

 तीन घोड्यांना आता मोकळे करतो.